एका दिवसाचा पगार

दर भूकंपाला, दर महापुराला आपल्याकडच्या कचेऱ्यांतून एक परिपत्रक फिरते. मजकूर ठरलेला. अमुक आपद्‌ग्रस्तांच्या साहाय्यासाठी सर्व अधिकारी व कर्मचाऱ्यांचे एक दिवसाचे वेतन चालू महिन्याच्या पगारातून वळते करण्यात येत आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी तसे लेखी कळवावे. मी बँकेत पस्तीसेक वर्षे काढली. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००१ चा भूजचा, २००४ ची त्सुनामी, प्रत्येक वेळी असा कागद टेबलावर आला आणि प्रत्येक वेळी आम्ही तो वाचून खाली सह्या केल्या. हरकतीची चिठ्ठी लिहिणारा माणूस मात्र मी एकही पाहिला नाही. त्यावरून आम्ही सगळे कर्णाचे अवतार होतो असे कुणी समजू नये. चारचौघांत 'मी देणार नाही' असे लिहून देण्यापेक्षा शे-दीडशे रुपये गेलेले परवडतात, एवढाच त्याचा अर्थ.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. तेव्हा तिथल्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांकडे एका दिवसाचा नव्हे, सबंध एका महिन्याचा पगार मागितला. हप्त्याहप्त्याने द्या म्हणाले. ज्याला द्यायचा नसेल त्याने तसे लेखी जाहीर करावे, अशी अट. कर्मचारी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने ही लिहून देण्याची अट स्थगित केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. आपल्याला देणे जमत नाही हे लिहून देऊन माणसाने स्वतःची शोभा का करून घ्यावी, असा एकंदर सूर होता. वर्तमानपत्रांत ही बातमी दोन दिवस चालली आणि विरून गेली. मला मात्र ती फार मोलाची वाटते. घरात आजारी आई, मुलीच्या लग्नाचे कर्ज आणि सोसायटीचे हप्ते असलेला कारकून 'नाही' म्हणतो तेव्हा तो माणुसकीला नाही म्हणत नसतो. आणि त्याला ते म्हणता येत नसेल, तर त्याच्याकडून जे वळते झाले त्याला वर्गणी म्हणा, पट्टी म्हणा, दान म्हणू नका.

पण म्हणून ही पगारकपात बंद करावी, असे माझे म्हणणे आहे का? मुळीच नाही. बँकेतल्या माणसाला हप्त्याची ताकद कळते. महिन्याला पन्नास रुपये भरणाऱ्या आवर्ती ठेवीतून लोकांनी म्हशी घेतल्याचे मी पाहिले आहे. तेच पन्नास रुपये मनिऑर्डर करून दर महिन्याला पाठवायचे म्हटले तर तिसऱ्या महिन्यात आळस आडवा येतो. पगारपत्रकात तो आळस नसतो. प्रश्न असतो तो पुढचा : पैसे कापल्यावर देणाऱ्याचा त्या पैशांशी काही संबंध उरतो की नाही?

या बाबतीत मला स्टेट बँकेची रीत आवडते. मी त्या बँकेत नव्हतो, त्यामुळे तिचे कौतुक मोकळेपणाने करता येते. १९७३ च्या सुमारास तिने शाखांमधल्या माणसांना बँकिंगच्या पलीकडच्या लोकसेवेत घालायला सुरुवात केली, आणि १९८३ मध्ये मुलांच्या कल्याणासाठी एक वेगळा न्यास काढला. कर्मचाऱ्यांनी त्यात वर्गणी घालायची आणि जेवढी त्यांची वर्गणी तेवढीच भर बँकेने घालायची. हे 'तेवढीच भर' प्रकरण दिसते त्यापेक्षा खोल आहे. मालक जेव्हा नोकराच्या खिशातल्या पैशांनी धनादेश फाडतो आणि फोटोत स्वतः उभा राहतो, तेव्हा नोकराला जे वाटते ते त्याच्या घरच्यांना विचारावे. मालकाने स्वतःचाही रुपया शेजारी ठेवला, की मग गोष्ट बदलते.

याहूनही पुढची कल्पना आपल्या विदर्भात, पवनारला, आश्रम असलेल्या माणसाने मांडली होती. भूदानाच्या पाठोपाठ विनोबांनी संपत्तिदान मागितले. उत्पन्नाचा सहावा हिस्सा समाजाचा. भूदानाची चेष्टा पुष्कळ झाली, काही योग्यही झाली. पण संपत्तिदानातली एक खुबी फारशी कुणी ध्यानात घेतली नाही. विनोबा पैसे घेत नसत. पैसे देणाऱ्यापाशीच राहायचे. त्यानेच ते सांगितलेल्या कामावर खर्चायचे आणि त्यानेच हिशेब ठेवायचा. म्हणजे देणाऱ्याची सुटका नाही! ज्याने विहिरीसाठी दिले त्याने ती विहीर खणली गेली की नाही हे जाऊन पाहायचे. आमच्या परिपत्रकात आणि यात फरक आहे तो इथे. आमचा एक दिवसाचा पगार कुठे गेला, त्यातून किल्लारीला एक वीट तरी बसली का, हे आम्हाला कुणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारले नाही.

आता या साऱ्याला कायद्याची जोड मिळाली आहे. २०१३ चा कंपनी कायदा, कलम १३५. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. पैसा मोठा आहे, कामेही काही चांगली झाली आहेत. पण त्याच कायद्यात म्हटले आहे की कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे. म्हणजे जिथे कारखाने तिथे पैसा. बुलढाणा जिल्ह्यात खामगावला हिंदुस्थान युनिलिव्हरचा कारखाना आहे, हे खरे. पण घाटाखालच्या मोताळा तालुक्यातल्या माणसाने कोणत्या कंपनीच्या दारात जायचे? त्याच्या आसपास जिनिंग आहे, दालमिल आहे, कृषी सेवा केंद्र आहे. यातल्या कुणाचा नफा पाच कोटींवर जात असेल, असे मला वाटत नाही.

या कायद्याबाबत सरकारने एक खुलासा मात्र फार चांगला केला. कंपनीच्या नोकरांनी समाजकार्यात घातलेले तास पैशांत मोजून त्या दोन टक्क्यांत धरता येणार नाहीत, असे २०२१ मध्ये स्पष्ट करण्यात आले. नोकरांना त्यात जरूर ओढा, पण त्यांच्या घामाची किंमत खर्चात दाखवू नका. नाहीतर आपल्याकडच्या हिशेबनिसांनी काय केले असते, ते मी हिशेबनीस असल्यामुळे सांगू शकतो. व्यवस्थापकीय संचालकाने एक तास झाड लावले, की त्याच्या तासाच्या पगाराने ते झाड लाखाला गेले असते.

असो. मुद्दा धामणगाव बढेचा आहे.

नव्वदच्या दशकात मी तिथे तीन वर्षे होतो. अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या कुशीतले, जळगाव जिल्ह्याच्या हद्दीलगतचे हे गाव. बोली वऱ्हाडी, पण कानाला खानदेशी वळणही लागते. कापूस, मका, आणि हळूहळू वाढत गेलेला सोयाबीन. आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ, पोलीस ठाणे, शाळा. अशा गावात 'नोकरीचे ठिकाण' म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगायला हवे. तिथे कंपनी नाही. तिथे शिक्षक आहेत, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आहेत, वीज मंडळाचा वायरमन आहे, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस आणि बँकेची माणसे आहेत. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी गावातली माणसे एवढीच. बाकी सगळे पावसाच्या भरवशावर. त्यामुळे कर्मचाऱ्यांनी समाजासाठी काय करावे हा प्रश्न गावात विचारला, तर तो कुठल्या उद्योगसमूहाला विचारलेला नसतो. तो या शे-दोनशे माणसांना विचारलेला असतो.

आमच्या शाखेत आम्ही सात जण होतो. पेढ्यांचा एक रिकामा पुठ्ठ्याचा डबा रोखपालाच्या मागच्या कपाटात असायचा, आणि पगाराच्या दिवशी ज्याला वाटेल त्याने त्यात दहा रुपये टाकायचे. कोण टाकतो, कोण टाकत नाही, हे कुणी पाहायचे नाही, असा अलिखित नियम होता. जूनमध्ये डबा उघडायचा आणि शाळेतल्या गुरुजींनी दिलेल्या यादीप्रमाणे वह्या आणायच्या. रक्कम सांगण्यासारखी नव्हती. पण त्या काळात गावाला आमचा खरा उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो करत होता आमचा शिपाई. दहावी झालेला, अक्षर मोत्यासारखे. दुपारच्या सुट्टीत तो बँकेच्या ओट्यावर बसायचा आणि लोक कागद घेऊन यायचे. "भाऊ, एवढं वाचून सांगता का जी, काय लिवलं हाये?" कोर्टाचे समन्स, विजेचे बिल, निराधार योजनेचा नकार, लष्करातल्या मुलाचे पत्र. तो वाचायचा, उत्तर लिहून द्यायचा, कुठे जायचे ते सांगायचा. त्याला या कामाचा एक पैसा मिळाला नाही आणि त्याच्या सेवापुस्तिकेत याची नोंद नाही. शहरातल्या कंपन्या आज यालाच कौशल्याधारित स्वयंसेवा म्हणतात आणि त्याची कार्यशाळा घेतात.

शिक्षकांचे उदाहरण तर सगळ्यांसमोर आहे. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळांत बोलक्या भिंती आल्या, पडदे आले, संगणक आले. सरकारने पैसे दिले म्हणून हे झाले, असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. पुष्कळ ठिकाणी आधी गुरुजींनी स्वतःच्या पगारातले पाच-दहा हजार घातले आणि मग गावापुढे लोकवर्गणीची पावती धरली. गुरुजींनी घातले हे दिसल्यावर गावाने घातले. शिक्षकांना नावे ठेवण्यात आपला एक रविवार सहज जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पण त्याच शिक्षकांबद्दल, बँकवाल्यांबद्दल, आरोग्यसेवकांबद्दल दुसरी गोष्टही लिहायला हवी. ती म्हणजे 'अप-डाऊन'. मुख्यालयी राहावे असा नियम आहे. प्रत्यक्षात माणसे बुलढाण्याहून, मलकापूरहून, मोताळ्याहून येतात आणि संध्याकाळी परत जातात. मी कुणाला दोष देत नाही. बायकोची नोकरी असते, मुलांची इंग्रजी शाळा असते, म्हाताऱ्यांचा दवाखाना असतो. पण खेड्यातला माणूस रिकामा होतो तो दिवेलागणीनंतर. ग्रामसभेची खरी चर्चा, भजनी मंडळ, तंटा, सल्ला, सगळे रात्री. तेव्हा पगारदार माणूस घाटावर पोचलेला असतो. पूर्वी आम्ही गावात राहत होतो ते फार थोर होतो म्हणून नव्हे, शेवटची एस.टी. लवकर जायची म्हणून. मोटारसायकल आली, रस्ते बरे झाले, आणि गावाची संध्याकाळ पगारदारांवाचून राहिली. एका दिवसाच्या पगारापेक्षा आठवड्यातली एक संध्याकाळ आज जास्त महाग झाली आहे.

याच मोताळा तालुक्याने २०१८ मध्ये एक अचाट गोष्ट करून दाखवली. पानी फाउंडेशनची 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली होती. २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत होती. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे : सलग समतल चर, दगडी बांध, शेततळी, बांधबंदिस्ती. आमच्याकडचा एप्रिल-मे ज्याने सोसला आहे त्यालाच हे पंचेचाळीस दिवस म्हणजे काय ते कळेल. माणसे पहाटे आणि चांदण्यात खोदत. त्या वर्षी राज्यात पहिले आले साताऱ्याच्या माण तालुक्यातले टाकेवाडी, आणि दुसरा क्रमांक भांडवलीबरोबर विभागून मिळाला तो मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडला.

त्याच वर्षी 'जलमित्र' ही कल्पना निघाली. शहरातल्या माणसांनी नाव नोंदवून गावात येऊन श्रमदान करायचे. १ मे रोजी महाश्रमदान झाले. ठिकठिकाणी कचेऱ्यांतून, बँकांतून, महाविद्यालयांतून गाड्या भरून माणसे गेली. मीही सहकाऱ्यांबरोबर एका गावी गेलो होतो. आता, आमच्यासारख्या अट्ठावन्न वर्षांच्या, खुर्चीत बसून पाठ धरलेल्या माणसाने किती माती काढली असेल? दहा वाजेपर्यंत आम्ही चौघांनी मिळून जेवढा चर खोदला, तेवढा शेजारच्या एका बाईने एकटीने खोदून, वर आम्हाला पाणी आणून दिले. दुपारी गावाने आम्हाला जेवू घातले. त्या स्वयंपाकासाठी किती बाया त्या सकाळी चरावर आल्या नव्हत्या, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला, सवय वाईट. घनमीटरांत मोजले तर आम्ही त्या गावाला तोट्यातच पडलो असणार.

तरी ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. महिनाभर खोदून थकलेल्या गावाला, आपल्यासाठी परक्या गावची माणसे उन्हात उभी राहतात, हे दिसले. संध्याकाळी एका म्हाताऱ्याने आमच्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याचे हात उलटे करून फोड पाहिले आणि म्हणाला, "आता पीककर्जाचा कागद नीट पाहान तुमी." तो पोरगा हसला. पण त्यानंतर त्याच्या टेबलासमोर शेतकरी उभा राहिला की तो त्याला आधी बसायला सांगे, हे मी स्वतः पाहिले आहे.

पुढचे मात्र कुणी विचारत नाही. ती स्पर्धा २०१९ नंतर झाली नाही. संस्था दुसऱ्या उपक्रमांकडे वळली, आणि ते रास्तही होते. पण चर दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतात. बांधाचा दगड निखळतो. हे दुरुस्तीचे काम रटाळ असते, त्याला बॅनर लागत नाही, त्यासाठी गाडी भरून कुणी येत नाही. एकदा आलेली कचेरी त्याच गावात तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी परत आली, असे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. दरवर्षी नवे गाव हवे असते, कारण नवा अहवाल हवा असतो.

आणि गावाला आमची माती खोदण्याची गरज होती कुठे? गावाला खोदता येते. जे येत नाही ते आम्हाला येते, आणि तेच आम्ही देत नाही. एकच उदाहरण देतो. २०१५ पासून बँक खात्यांतून दोन विम्यांचे हप्ते परस्पर वळते होतात. प्रधानमंत्री जीवन ज्योती, वर्षाला आता ४३६ रुपये; आणि सुरक्षा विमा, २० रुपये. मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून पैसे जातात, पासबुकात इंग्रजी आद्याक्षरांची एक ओळ उमटते, आणि घरच्यांना पत्ता नसतो. माणूस गेला तर जीवन ज्योतीचे दोन लाख रुपये वारसाला मिळतात. मृत्यूचे कारण काहीही असो. नव्याने नाव घातल्यानंतरचे पहिले तीस दिवस सोडले, तर आत्महत्या केली असली तरीसुद्धा. बुलढाणा हा त्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे ज्यांच्यासाठी २००६ मध्ये पंतप्रधानांना शेतकरी आत्महत्यांपायी खास पॅकेज जाहीर करावे लागले होते. अशा जिल्ह्यात ही एक ओळ वाचता येणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

सुरक्षा विम्याचे तसे नाही, तो अपघाताचा. त्यात आत्महत्या बसत नाही, पण रात्री पाणी द्यायला गेलेल्याला साप चावला तर ते बसू शकते. त्यासाठी दवाखान्याचे कागद जपून ठेवावे लागतात, आणि रडारडीत नेमके तेच हरवतात. तेराव्याला गेलेल्या शंभर माणसांपैकी एकाने जरी म्हटले की 'वहिनी, पासबुक आणा बरं बाहेर,' तर पुढचे सगळे बदलते. हे काम कोण करू शकतो? कोणत्याही बँकेतला कोणताही कारकून. अर्ध्या तासात. आणि तेही केवळ आपल्या शाखेच्या खातेदारासाठी नव्हे, त्याच्या ओळखीच्या कुणासाठीही.

तसेच बेवारस पडलेल्या ठेवींचे. दहा वर्षे कुणी हात न लावलेली खाती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. मुंबईला गेलेल्या, तिथेच वारलेल्या माणसाची ठेव धामणगावच्या घरच्यांना ठाऊकच नसते. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने ती शोधायची सोय 'उद्गम' नावाने केली आहे. तिथे नाव टाकायला मोबाइल लागतो, धीर लागतो, आणि शोध लागल्यावर वारसाचे कागद जुळवायला माहितगार माणूस लागतो.

आता एक अडचण आहे, तीही सांगून टाकतो. पगारातून कापायला आधी पगार असावा लागतो. आज खेड्यात बँकेचे बरेचसे काम 'बँकमित्र' करतो. अंगठ्याचे यंत्र घेऊन बसलेला हा तरुण कमिशनवर असतो. आरोग्यात आशाताई मानधनावर, शाळेत कंत्राटी शिक्षक. गावकऱ्यांसाठी सर्वांत जास्त बिनपैशाचे काम आज हेच लोक करतात, आणि 'कर्मचारी स्वयंसेवा' या शब्दात ते बसत नाहीत, कारण कागदोपत्री ते कर्मचारीच नाहीत. शिवाय पगारदाराला देणगीवर करात जी वजावट मिळे, ती २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करपद्धतीत मिळत नाही. मार्च महिन्यात पावत्या शोधणारी देणगीदारांची जी एक जमात होती, ती यामुळे कमी होईल. माझ्या मते होऊ द्यावी.

माझ्या ओळखीच्या चार-पाच निवृत्त बँकवाल्यांशी मी सध्या एवढेच बोलतो आहे : बाजाराच्या दिवशी, महिन्यातून दोनदा, बसस्टँडजवळ एक टेबल टाकायचे. बँकेच्या नावाचा फलक नाही, संघटनेचा नाही. ज्याला पासबुक वाचून हवे त्याने यावे. विमा, वारस, ठेव, पीककर्जाचे पुनर्गठन, जे असेल ते. नोकरीत असलेल्यांनी सुटीच्या दिवशी आळीपाळीने यावे, आणि न येणाऱ्याचे नाव कुणी काढू नये. पहिल्याच चर्चेत एकाने विचारले, अर्जांच्या झेरॉक्सचा खर्च कुणी करायचा? त्यावर पेढ्यांच्या डब्याचा विषय निघाला. दुसऱ्याने विचारले, उन्हाळ्यात टेबल कुठे टाकायचे? त्यावर अजून एकमत झालेले नाही. समोरच्या चहावाल्याचे छप्पर मोठे आहे, पण तो म्हणतो बाजाराच्या दिवशी जागा देणे परवडत नाही, इतर दिवशी या. त्याचेही बरोबर आहे.